मास्तरांची फुंक

१

दर मंगळवारी सकाळी सातच्या एसटीनं योगेश अकोल्याहून अमरावतीला जायचा. तो ट्रम्पेट वाजवी त्या बँडाला मंगळवारी सहसा लग्नाची सुपारी नसे, आणि घरच्या फुलांच्या दुकानावर त्या दिवशी त्याची आई गंगूबाई आणि बायको हर्षा दोघी बसत. मूर्तिजापूरला गाडी थांबली की एक चहा, बडनेरा मागं पडलं की पिशवीतल्या फुलांवर पाण्याचा हबका, आणि दहाच्या आत बुधवारा मोहल्ल्यात पंजाबराव मास्तरांच्या दारात. दिवाळीपासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

दिवाळीत मास्तरांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ज्या माणसाच्या ट्रम्पेटवर चाळीस वर्षं अमरावतीच्या वराती चालल्या, त्याच्या ओठाचा उजवा कोपरा ओल्या फडक्यासारखा लोंबायला लागला. बायको शालू कधीच गेलेली. एकुलती मुलगी पौर्णिमा धारणीहून धावत आली ती परत गेलीच नाही. तिचा नवरा तिकडे आश्रमशाळेत शिक्षक, तो पंधरा दिवसांतून एकदा येऊन जायचा.

योगेश गेला की मास्तरांची दाढी करायचा. पौर्णिमा गरम पाण्याचं भांडं आणून ठेवी, तो ओसरीतल्या खुर्चीवर मास्तरांना नीट बसवी, गळ्यात टॉवेल बांधी. वरच्या ओठावर माऊथपीसचा वळ होता, गोल आणि गुळगुळीत. तिथं वस्तरा हळू न्यावा लागे. दाढी चालू असताना मास्तर गुणगुणत. एक शब्द फुटत नसे, पण गुणगुणणं पक्कं सुरात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूत बोलण्याची जागा वेगळी, गाण्याची वेगळी. गुणगुणतात तर गुणगुणू द्या.

माघातल्या एका मंगळवारी योगेशला एक बातमी सांगायची होती. आदल्या रविवारी डाबकी रोडवरच्या एका लग्नात, भर दुपारी, नवरदेव घोड्यावरून उतरत असताना त्याला मास्तरांचा वाकता सूर सापडला होता. सूर खालून धरायचा, किंचित कच्चा ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटलं की चुकला, तेवढ्यात वर ढकलायचा. मास्तरांच्या हाताखाली शिकायला लागल्यापासून चौदा वर्षं योगेश त्याच्या मागं होता. ओठ सुजले होते, दात हलले होते, सूर काही वाकला नव्हता. आणि रविवारी तो आपोआप आला, जणू कायमच त्याच्या ओठात होता.

"मास्तर, आला!" फेस लावता लावता तो म्हणाला. "तुमचा वाकता सूर. रविवारी आला, आपोआप."

मास्तरांनी डोळे त्याच्याकडे वळवले. मग नेहमीची चाल गुणगुणू लागले. वाकत्या सुराची जागा आली तसा योगेशचा हात थांबला.

सूर वाकला नाही. शाळेतल्या मुलानं प्रार्थना म्हणावी तसा सरळ आला आणि पुढं गेला.

मास्तर थबकले. मागं जाऊन पुन्हा तीच ओळ धरली. पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी त्यांनी ती जागा येण्याआधीच गाणं सोडून दिलं आणि जीभ गालाच्या आतून फिरवत राहिले, पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी.

२

मास्तरांचं वाजवणं ऐकून लोक म्हणत, हे कुठून आणलं? त्यावर मास्तर हसत आणि सांगतही. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

ते दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले. काळी जमीन, चार भाऊ. गावात नत्थुजी नावाचा एक म्हातारा खंजिरीवर भजन म्हणायचा. खंजिरी पुढं चाले आणि नत्थुजीचा आवाज तिच्या मागून येई, बैल पुढं गेल्यावर हाकणारा धुरकरी रमतगमत यावा तसा. ठेका चुकतोय असं वाटे, पण चुकत कधीच नसे. ते मागून येणं लहानग्या पंजाबनं उचललं.

वाकता सूर बडनेऱ्याचा. तिथं रेल्वेच्या क्लबात शनिवारी नाच असे. गोव्याकडचे इनास साहेब, मालगाडीवर गार्ड, तिथं ट्रम्पेट वाजवीत. त्यांच्या खोलीत जुन्या, जाड, काळ्या तबकड्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या वाजवणाऱ्यांच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या. "ते लोक मयतीच्या समोर वाजवत जात," मास्तर सांगत. "जातानी रडत रडत, येतानी नाचत नाचत. आन् ट्रम्पेटच्या तोंडावर वाटी धरून त्याले बोलाले लावत." मास्तर वाटीऐवजी नारळाची करवंटी धरत. नवरीला हळद लागली की मास्तरांची करवंटी बोलायला लागे आणि बायका हसून लोळत.

आणि बिदाई. नवरी निघाली की सगळा बँड थांबे आणि मास्तर एकटे पाच सूर वाजवत. पाचच. गाणं नाही, चाल नाही. चार पायऱ्या उतरून पाचवीवर कुणी मागं वळून बघावं, तसे. दगडासारखी माणसं त्या पाच सुरांवर रडलेली योगेशनं पाहिली होती.

"हे कोणाचं, मास्तर?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"माहं."

"मले शिकवा ना."

मास्तरांचा चेहरा बदलला होता. "ते मागू नको, योगेश. माह्यापाशी राहू दे तेवढं." थोडं थांबून, ट्रम्पेट पुसता पुसता, स्वतःशीच बोलल्यासारखे ते म्हणाले होते, "इनास साहेबाले मी इचारलंच नाई. घेऊन बसलो."

३

योगेश काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. बारावीपर्यंत विज्ञान शिकला होता. लकव्याच्या माणसाचं रोज काहीतरी कमी होतं, आज चमचा, उद्या एखादं नाव, तसा एक सूर गेला. आणि चौदा वर्षं घासल्यावर सूर येणारच. दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या म्हणून त्यांना दोरीनं बांधायचं कारण नाही.

पण पौर्णिमा सहज बोलून गेली होती. "रविवारी दुपारी झोपेतून दचकून उठले. साडेबाराच्या सुमाराले. कोणी अंगावरची चादर ओढली असं पायत होते."

रविवारी साडेबारालाच नवरदेव घोड्यावरून उतरला होता.

फाल्गुनात बँडाचा मालक देवानंद खुशीत आला. "वरूडची सुपारी आली बे! संत्र्याचा व्यापारी हाय, पोरीचं लग्न. डीजे नाई पायजे म्हणते त्याइले. कोणीतरी तुहं वाजवणं ऐकवलं मोबाईलवर. म्हणे, तोच ट्रम्पेटवाला पायजे."

हर्षानं त्याचा लाल कोट इस्त्री केला. गंगूबाईनं दृष्ट काढली. नाही म्हणावं असं योगेशला एकदा वाटलं. मग वाटलं, कशासाठी? कुणाला काय सांगणार? आणि या दोन्हींच्या खाली, अगदी तळाशी, तिसरी गोष्ट होती, ती त्यानं हर्षालाही सांगितली नाही. वाकता सूर आला त्या क्षणी त्याला जे सुख झालं होतं, ते त्याला पुन्हा हवं होतं.

वरूडला दुपारचं लग्न. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, झाडांना आंबिया बहराचा वास. देवानंदनं या वर्षीचंच एक सिनेमाचं गाणं धरलं. दुसऱ्या अंतऱ्याला योगेशच्या लक्षात आलं की ढोल पुढं गेलाय आणि तो मागं राहिलाय. त्यानं गाठायचा प्रयत्न केला नाही. रमतगमत, शेवटच्या क्षणी, तो समेवर येऊन बसला. पुन्हा मागं राहिला, पुन्हा आला. ढोलवाल्यानं वळून पाहिलं आणि खूश होऊन मान हलवली. म्हातारी माणसं खुर्च्यांवरून उठली. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, हा तं पंजाबरावच वाजवून राहिला!"

ते योगेशला ऐकू आलं आणि काय चाललंय ते कळलंही. पण त्यानं ट्रम्पेट खाली घेतलं नाही. पुढं कित्येक दिवस त्याला हेच खात राहिलं. वाजवलं याचं नाही, तर कळूनही थांबला नाही याचं.

४

परतीच्या गाडीत पाचच्या सुमाराला त्यानं मोबाईल पाहिला. पौर्णिमाचा व्हिडिओ आला होता, दुपारी बारा बावन्नला, तो वाजवत होता तेव्हाचा. खाली लिहिलं होतं, "बाबा झोपेत वाजवून राहिले पाय."

व्हिडिओत मास्तरांची खोली होती. खिडकीतून उन्हाची पट्टी भिंतीवर पडलेली, कूलरचा खडखडाट, आत कुठं तरी कुकरची शिट्टी. मास्तर उताणे झोपलेले. त्यांचे गाल फुगत होते. अगदी वाजवताना फुगायचे तसे, दोन्ही गाल, लुळा उजवासुद्धा. ओठ घट्ट मिटलेले. आणि चादरीवर तीन बोटं उठत होती, पडत होती.

योगेशला आधी नुसतं बरं वाटलं. मग त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला.

ती बोटं उजव्या हाताची होती.

दिवाळीपासून त्या हातानं एक भाताचं शीत उचललं नव्हतं. पौर्णिमा खोलीत आनंदानं कुजबुजत होती, "बाबा… बाबा, हात हलला तुमचा!" योगेशनं आवाज बंद केला आणि फक्त बोटांकडे बघत राहिला. ट्रम्पेटवाल्याला बोटं वाचता येतात. कुठलं बटण दाबलं, कुठलं सोडलं यावरून तो बहिऱ्यासारखा बसूनही चाल ओळखतो. पहिलं-दुसरं, मोकळं, पहिलं, मोकळं, मग तिन्ही.

ते वरूडला वाजवलेलं, या वर्षीचं गाणं होतं. होळीच्या आसपास आलेलं. मास्तरांच्या घरात ना टीव्ही होता, ना रेडिओ.

अंतऱ्याच्या शेवटाला, जिथं योगेश पहिल्यांदा मागून येऊन समेवर बसला होता, तिथं बोटं थांबली. गाल एकदम रिते झाले, कुणी आतून हवा ओढून घेतल्यासारखे. हात चादरीवर पडला. मास्तरांनी डोळे उघडले आणि सरळ मोबाईलकडे पाहिलं. मोबाईल धरणाऱ्या मुलीकडे नाही, मोबाईलमधून जो पाहणार होता त्याच्याकडे, असं योगेशला वाटलं. व्हिडिओ तिथंच संपत होता.

गाडीत बाकीची माणसं डब्यातले लाडू खात होती. देवानंद म्हणाला, "काय झालं बे? तोंड काहून असं?"

"काई नाई," योगेश म्हणाला. "ऊन लागलं."

५

त्या मंगळवारी मास्तर डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर आपटत बसले होते. पूर्वीही आपटायचे, मागून मागून, नत्थुजीसारखे. आता बोटं कूलरच्या खडखडाटाबरोबर पडत होती. टक, टक, टक. मशीनसारखी.

योगेशनं वस्तरा बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. पौर्णिमा पोळ्या लाटत होती.

"ताई, हे माह्यामुळं होऊन राहिलं."

"काय?"

त्यानं सगळं सांगितलं. वाकता सूर, वरूड, व्हिडिओतली बोटं. सांगताना त्याच्याच कानाला ते येड्यासारखं वाटत होतं. पौर्णिमानं लाटणं थांबवलं नाही.

"येडा झाला का तू? डॉक्टर म्हणते बारीक बारीक गाठी होऊन राहिल्या डोक्यात. होळीले फोटो काढला त्याइनं, मले दाखवलं. पांढरे ठिपके." तव्यावर पोळी टाकून ती थोडी थांबली. "तू एवढा जीव लावतं बाबाले, म्हून तुले असं वाटते."

"इनास साहेबाचं काय झालं शेवटी?"

"ते? लय वर्षं झाली. बाबा जायचे बडनेऱ्याले त्याइच्यापाशी. शेवटी शेवटी त्याइले सोताचं नावबी याद नव्हतं म्हणत. ट्रम्पेट हातात देल्लं तं उलटं धरलं." पोळी फुगली, तिनं फडक्यानं दाबली. "बाबाचं नाव त्याच वर्षी झालं. माह्या जन्माच्या आधी."

दोघंही पोळीकडे बघत राहिले.

तेवढ्यात ओसरीतून गुणगुणणं आलं. पाच सूर. चार पायऱ्या उतरून पाचवीवर मागं वळलेले.

"आली, बाबा, आली," पौर्णिमा म्हणाली आणि हात पुसत बाहेर गेली. आल्यावर सांगू लागली, "माह्या बिदाईले बाबाइनंच वाजवलं, मालूम हाय ना तुले? पह्यल्यांदा तेव्हाच वाजवलं हे. मी गाडीत बसली आन् मागून हे आलं. आता नाव घेता येत नाई तं याच्यानंच बोलावतात मले. पाणी पायजे, पौर्णिमा. लाईट गेली, पौर्णिमा. काईच नाई पायजे, नुसतं पौर्णिमा." ती हसली, मग तिचा चेहरा एकदम गळाला. "तेवढं हाय रे अजून. बाकी जाऊ दे, तेवढं हाय."

त्या दिवशी अकोल्याला परतल्यावर योगेशनं ट्रम्पेट पेटीत घातलं. पेटी कपाटावर, तिच्यावर हर्षाच्या जुन्या साड्यांचं गाठोडं. देवानंदला सांगितलं, छातीत दुखतं, डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली. देवानंद चिडला, मग हातापाया पडला, मग मेहकरहून दुसरा माणूस आणला. योगेश पहाटे मंडईतून झेंडू आणायचा, दिवसभर हार गुंफायचा. दोन महिने त्यानं शीळसुद्धा घातली नाही. न्हाणीत गाणं ओठावर आलं तर तो तोंडात पाणी धरायचा.

दोन महिने मास्तरांचं काही कमी झालं नाही. दर मंगळवारी पाच सूर ओसरीतून येत, पौर्णिमा आतून "आली" म्हणे, आणि योगेश वस्तऱ्याला धार लावत देवाचे आभार मानी.

६

वैशाखात योगेशच्या बहिणीचं, प्रतीक्षाचं लग्न होतं. वडील नव्हते, तेव्हा कन्यादान योगेश आणि हर्षानंच केलं. मुलगा मूर्तिजापूरचा, भाजीपाल्याचा व्यापार करणारा, साधा माणूस. अकोल्यात त्या दिवशी पारा पंचेचाळीसला टेकला होता. मंडपाच्या कापडातून ऊन गाळून पिवळं खाली पडत होतं. बँड देवानंदचाच. योगेशच्या जागी मेहकरवाला उभा होता, आणि योगेशनं त्याला बजावून ठेवलं होतं, बिदाईला काही वाजवू नको. नुसतं जाऊ दे तिला.

दुपारी साडेतीनला प्रतीक्षा निघाली. गंगूबाईच्या गळ्यात पडली, हर्षाच्या गळ्यात पडली. मग योगेशपाशी आली. तिनं त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली, लहानपणी शाळेत जाताना धरायची तशी, आणि मग ती मूठ एकेक बोट करून स्वतःच सोडवली. गाडीत बसली. दार लागलं.

गाडी हलली तेव्हा योगेशच्या घशातून हुंदका आला असं त्याला वाटलं. तो अडवायला त्यानं तोंडावर हात घेतला. पण तो हुंदका नव्हता. बंद ओठांच्या आतून, नाकातून, छातीतून ते निघालं आणि त्याला थांबवता येईना. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा मागं वळून बघणारा.

मंडपात कुणीतरी मोठ्यानं रडलं. मेहकरवाल्यानं ट्रम्पेट खाली घेतलं होतं. देवानंद जवळ आला, त्याचे डोळे भरलेले. "हे कोठून आणलं बे तू?" तो म्हणाला. "हे तं बुढ्याचं होतं."

योगेशनं खिशातून मोबाईल काढला. पौर्णिमाचा नंबर तिसऱ्यांदा लागला. रिंग गेली, गेली, गेली. उचलला नाही. त्यानं सहा वेळा लावला. संध्याकाळी तिचा दोन शब्दांचा निरोप आला, "उद्या ये."

७

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता. तरी तो सातच्याच गाडीनं गेला.

मास्तर ओसरीत खुर्चीवर बसले होते. तब्येत चांगली दिसत होती, चेहऱ्यावर तजेला होता. योगेश आत आला तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहुण्याला बघून हसावं तसे, अर्ध्या ओठानं, हसले.

पौर्णिमा दारात उभी होती. रात्रभर झोपली नव्हती. "काल दुपारपासून हाक नाई मारली मले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पाणी देल्लं तं पेतात. जेवू घातलं तं जेवतात. आन् झाल्यावर हात जोडतात. म्हणजे, एक हात असा कपाळाले लावतात. नर्सबाईले लावावा तसा." तिनं पदर नीट केला. "मी पाणी आणतो गरम. दाढी करून दे."

कालच्या बिदाईचं योगेशनं सांगितलं नाही. सांगायचं होतं ते तिला आधीच सांगून झालं होतं.

त्यानं टॉवेल बांधला. फेस लावला. डाव्या गालावरून वस्तरा खाली आणला. मास्तर गप्प होते. इतकी वर्षं या माणसाच्या अंगातून कुठला ना कुठला सूर निघत नव्हता असा एक क्षण योगेशला आठवत नव्हता, आणि आता वस्तऱ्याची खरखर तेवढी ऐकू येत होती. वरच्या ओठावरच्या वळापाशी तो आला. हात हळू केला. डोळे भरून आले, समोरचं पुसट झालं, आणि त्याच्या नकळत, श्वासाबरोबर, ते पुन्हा बाहेर पडलं. पाच सूर.

"आली, बाबा, आली!"

आत भांडं पडलं. पौर्णिमा धावत आली, हात ओले, चेहरा उजळलेला. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि थांबली. तिनं वडिलांकडे पाहिलं. मग योगेशकडे पाहिलं.

मास्तर मान वळवून योगेशकडे बघत होते. त्यांच्या फेसानं माखलेल्या चेहऱ्यावर कौतुक होतं, मैफलीत नवख्या माणसाला अचानक काही फार सुंदर ऐकायला मिळावं तसं. डावा हात त्यांनी हळूहळू उचलला आणि हवेत हलवला. दाद दिली.

योगेशनं दाढी पुरी केली, तोंड पुसलं, तुरटी फिरवली. वस्तरा धुऊन ठेवला. पौर्णिमा तोपर्यंत तशीच उंबऱ्यावर.

"तू आता येत नको जाऊ, योगेश," शेवटी ती म्हणाली.

"हाव, ताई."

त्यानं चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला असेल, तेवढ्यात मागून तिची पावलं आली. ती फाटकाशी येऊन उभी राहिली, गज दोन्ही हातांनी धरून. रस्त्यावर ऊन रणरणत होतं, समोरच्या घरातली बाई शेवया वाळत घालत होती.

"एक डाव अजून," पौर्णिमा म्हणाली. "मंग जाय."

योगेशला नाही म्हणायचं होतं. पण त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते पाच सूर म्हटले. हळू, तिला एकटीला ऐकू जाईल एवढंच. तिनं डोळे मिटले. पाचव्या सुराला तिचे ओठ हलले. "आली, बाबा."

ती डोळे मिटून होती, तेव्हा योगेशला तिच्या डाव्या भुवईखाली एक बारीक पांढरा व्रण दिसला. चौदा वर्षं तो या बाईला बघत होता, व्रण त्यानं कधी पाहिला नव्हता. आणि तो कसा झाला ते त्याला माहीत होतं. बडनेरा स्टेशनवर, सामान तोलायच्या काट्यावर ती चढली होती. पिवळा फ्रॉक. उतरताना लोखंडाच्या कडेवर पडली. चार वर्षांची होती. दवाखान्यापर्यंत रिक्षात ती मांडीवर होती आणि तिच्या भुवईवर तळहात दाबून धरला होता, उजवा. रक्त तळहाताच्या रेषांमध्ये वाळलं, ते संध्याकाळी धुताना तिच्या आईनं, शालूनं, आधी पाणी घातलं आणि मग रडायला बसली.

योगेशनं स्वतःचा उजवा तळहात पाहिला. त्याचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला होता.

पौर्णिमानं डोळे उघडले. "काय पायतं?"

"काई नाई, ताई," तो म्हणाला, आणि मूठ मिटून उन्हात चालू लागला.